मागच्या सीटवरचा मीटर

कंपनीत त्याला सगळे मीटर म्हणत. नेमणुकीच्या कागदावर त्याचं पद डिझायनर असं होतं, चित्रकलेचं रीतसर शिक्षण झालेलं होतं, हात चांगला होता. तरी चौथ्या मजल्यावर कुणालाही विचारा, हा माणूस नेमकं काय करतो, तर उत्तर एकच यायचं, "तो होय? तो उलट्या करतो."

यात कुणी त्याची टिंगल करत नसे. उलट कौतुकानेच म्हणत, आणि दुखणं होतं ते तिथेच. टिंगल असती तर माणूस भांडू तरी शकतो. कौतुकाशी कसं भांडणार?

चौथा मजला गाड्यांच्या मागच्या खिडक्यांचा. गाडी चालवणाऱ्याचे लाड करायला कंपनीत खालचे तीन मजले होते, त्याच्या शेजारी बसणाऱ्याचेही बरेच लाड होत. मागे बसणाऱ्याला मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. मागे म्हणजे म्हातारी माणसं, पोरंबाळं, पाहुणे आणि सामान. त्यांनी बसायचं, डुलक्या काढायच्या आणि अधूनमधून विचारायचं, आलं का? तर या मागच्यांसाठी एक नवी काच बनवायची होती. काचेतून बाहेरचं खरंखुरं दिसणारच, पण त्यावर काच आपलं चित्र बसवणार. डोंगर दिसला की त्यावर त्याचं नाव, आकाशात रात्री कोणते तारे असतील ते दिवसाच, रस्त्याच्या कडेने गाडीबरोबर धावणारं एखादं जनावर. आणि चित्र असं बसायला हवं की ते काचेवर नाही, बाहेर रस्त्यावरच आहे असं वाटावं. ऐकायला फार गोड काम. अडचण एवढीच की हलत्या गाडीत हलत्या चित्राकडे बघितलं की माणसाला गाडी लागते. डोळा म्हणतो इकडे चाललोय, कान म्हणतो तिकडे, आणि दोघांच्या भांडणात पोट सगळं बाहेर टाकतं.

मीटरला तर साध्या गाडीतही गाडी लागायची, तीही अगदी लहानपणापासून. काकांची गाडी होती, पुढे काका आणि वडील, मागे दोन आत्या, आणि दोघींच्या मधल्या फटीत हा. खिडक्या आत्यांच्या. त्यातल्या थोरल्या आत्याच्या पर्समध्ये त्याने एकदा जे केलं ते त्या घराण्यात अजून जेवताना सांगू देत नाहीत. पण त्या दिवसापासून एक सोय झाली. उलटी झाली की आत्या त्याला खिडकी द्यायची. मग तो रिकाम्या पोटाने, गार वाऱ्यात हनुवटी टेकवून बाहेर बघत बसायचा आणि गाडीबरोबर एक माणूस पळवायचा. काडीसारखे पाय, मागे उडणारा मफलर. खांब आला की उडी, भिंत आली की भिंतीवरून, पूल आला की कठड्यावरून तोल सांभाळत. त्याला त्याने पळ्या नाव ठेवलं होतं. उलटी केल्याशिवाय खिडकी नाही, हे त्याचं नशीब तेव्हापासूनचं आहे.

तो या मजल्यावर लागला तो पळ्याच्याच जोरावर. मुलाखतीत त्याने पळ्याची चित्रं दाखवली आणि विभागाच्या प्रमुख बाई, ज्यांना सगळे ताई म्हणत, हसून म्हणाल्या की हाच, हाच मला खिडकीबाहेर पाहिजे. पण पहिल्याच आठवड्यात अर्धी गाडी आली.

अर्धी गाडी म्हणजे खरीच अर्धी गाडी. पुढच्या सीटांच्या मागून कापलेली, एका हलत्या चौथऱ्यावर बसवलेली. भोवती अर्धगोल पडदा, पडद्यावर रस्त्याची फिल्म. रस्ता वळला की चौथरा कलायचा, खड्डा आला की दणका द्यायचा. तो चौथरा चालवणाऱ्या तंत्रज्ञाला जत्रेतल्यासारखा पाळणेवाला हे नाव आपोआप पडलं. पहिल्या दिवशी हौसेने सगळे एकेक करून बसले. कुणाला जरा गरगरलं, कुणाला काहीच झालं नाही. मीटर आत बसला आणि पहिल्या पुलापर्यंतसुद्धा पोचला नाही.

बाकीचे हसले. ताई हसल्या नाहीत. त्या त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या, पाणी दिलं, पाठ थोपटली आणि हळू आवाजात विचारलं, "तुला किती वेळात होतं रे?" बाजारात आंबट वाटणारं फळ हातात घेऊन ते आतून गोड निघणार हे कळलेला माणूस बघतो, तसं त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, आठवडाभर बसशील का? ज्याला सगळ्यात जास्त लागते त्याला लागली नाही, तर कुणालाच लागणार नाही. शितावरून भाताची परीक्षा.

तो आठवडा अजून संपायचा होता. ठमी, म्हणजे त्याची मुलगी, तेव्हा नुकती बोलायला लागली होती, आणि आता ती भागाकार करत होती.

काम असं चालायचं. सकाळी मीटरने अर्ध्या गाडीत बसायचं, पट्टा लावायचा, काचेकडे बघायचं. बाहेर पाळणेवाला फिल्म सुरू करायचा आणि थोड्या थोड्या वेळाने माइकवरून विचारायचा, "किती?" शून्य म्हणजे ठणठणीत, दहा म्हणजे झालंच. मीटर सांगायचा, दोन. चार. सहा. आठ म्हटलं की पाळणेवाला बादली जवळ आणून ठेवायचा, पण थांबवायचा नाही, कारण आठचं दहा कधी होतं तेच तर मोजायचं होतं. दार आतून उघडत नसे. लहान पोरांसाठी मागच्या दाराला जो खटका असतो तो मुद्दाम लावून ठेवलेला होता. नियमच होता तसा. माणूस घाबरून आधीच बाहेर पडला तर आकडा खोटा येतो. फारच झालं तर काचेवर टकटक करायची, मग पाळणेवाला येऊन बाहेरून उघडणार. तो यायचा, पण हातातलं काम आटोपून.

फिल्म रोज तीच. कंपनीच्या फाटकातून निघणारा वळणावळणाचा रस्ता, पूल, मग चढ, मग टोकाला पाण्याची टाकी. पुलाच्या अलीकडे एक सायकलवाला होता. पिवळा शर्ट, कॅरिअरला बांधलेली शिडी. तो डावीकडे वळण्यासाठी हात बाहेर काढायचा, आणि गाडी पुढे निघून जायची. तो वळला का, हे मीटरला इतक्या वर्षांत कळलं नाही. सख्ख्या भावाशी त्याची इतकी भेट होत नसे जितकी या सायकलवाल्याशी. कधीकधी त्याला वाटायचं, आपणही तसेच. हात बाहेर काढलाय, वळायचं नक्की केलंय, आणि गाडी पुढे निघून जाते.

बरं, सोडून जावं म्हटलं तर तेही करून बघितलं. दुसऱ्या एका कंपनीत मुलाखतीला गेला. पळ्याची चित्रं बगलेत. समोरच्यांनी चित्रं चाळली, एकमेकांकडे बघितलं आणि फार अदबीने विचारलं की आमच्याही गाडीत एक चक्कर मारता का? कीर्ती पुढे जाऊन बसली होती. तो चित्रं गुंडाळून परत आला.

ताईंकडे त्याने किती वेळा गाऱ्हाणं नेलं, त्याला हिशेब नाही. मागून आलेली पोरं डोंगर काढत होती, ढग काढत होती, आणि याचं म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ताई कधी नाही म्हणायच्या नाहीत. खुर्ची द्यायच्या, चहा मागवायच्या आणि म्हणायच्या, "काच एकदा पास होऊ दे. मग खिडकीजवळचं टेबल तुझं आणि पळ्या तुझा. तुझ्याशिवाय कसं होईल सांग?" हे शेवटचं वाक्य त्या मनापासून म्हणत, आणि त्यानेच माणूस अडकतो. शिव्या देणाऱ्या साहेबाला सोडून जाता येतं. ज्याला आपल्याशिवाय जमत नाही त्याला सोडायचं म्हणजे पाप केल्यासारखं वाटतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

घरीही त्याचं जग लहानच होतं. त्यांनी घर मुद्दाम असं घेतलं होतं की कंपनी चालत, शाळा चालत, बायकोची रक्त तपासायची लॅब चालत. कारण ठमीलाही गाडी लागायची. बापाकडून नाक घ्यावं, हसणं घ्यावं, ते सोडून तिने नेमकं हे घेतलं. बायकोचं माहेर घाटापलीकडे. एकदा दोघांना घेऊन ती बसने गेली होती. एका मांडीवर मुलगी, दुसऱ्या खांद्यावर नवरा, आणि दोघांच्या हातात पिशव्या. घाट उतरल्यावर तिने जाहीर केलं की आता तुम्ही दोघं मोठे झाल्यावरच मी माहेरी जाईन. ते हसण्यावारी गेलं, पण नंतर खरोखरच कुणी गेलं नाही. आजी फोनवर ठमीची उंची विचारायची. ठमी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून सांगायची.

ठमीला बापाचं काम पूर्ण ठाऊक होतं. तो घरी येऊन गप्प बसला की ती माइक धरल्यासारखी मूठ तोंडापुढे धरून विचारायची, "बाबा, किती?" तो सांगायचा, सहा. मग ती त्याला पळ्याची गोष्ट सांगायला लावायची. पळ्या आज कुठून उडी मारून गेला, सिग्नलला थांबून बुटाची नाडी बांधत होता का. गोष्ट संपेपर्यंत आकडा तीनवर यायचा. ती म्हणायची की पळ्या काचेवर आला की आपण आजीकडे जाऊ. बायको एकदा भाकरी थापता थापता म्हणावं तसं सहज म्हणाली होती, "पण मला एक सांग, एकाचंच रक्त तपासून सगळ्या गावाला औषध देतात का कुठे?" तो म्हणाला, शितावरून भाताची परीक्षा. ती म्हणाली, "हो, पण शीत त्याच भांड्यातलं लागतं." दोघं हसली आणि विषय तिथेच राहिला.

आणि एके दिवशी काच पास झाली.

सायकलवाला आला, गेला. पूल आला, गेला. काचेवर दूरवर डोंगरांची एक शांत रेघ, गाडी कलली की तीही बरोबर तेवढीच कलायची, जशी काही बाहेरच्या जमिनीलाच शिवलेली. पाळणेवाल्याने विचारलं, किती? मीटरने पोटात डोकावून बघितलं. तिथे कुणीच नव्हतं.

"शून्य," तो म्हणाला.

"खरं सांग."

"शून्यच रे बाबा. मलाच खरं वाटत नाहीये."

पाण्याची टाकी आली. फिल्मचं हे टोक त्याने आजवर कधी धड डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. टाकीखाली एक कुत्रं झोपलेलं होतं. बाहेर सगळा मजला टाळ्या वाजवत होता आणि ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या शब्दाला जागल्या. दुसऱ्याच दिवशी खिडकीजवळचं टेबल त्याला मिळालं.

टेबलापेक्षा त्याला खिडकीचं अप्रूप जास्त होतं. साधी खिडकी, लोखंडी कडी, आतून उघडणारी. सकाळी आल्या आल्या तो ती कडी काढायचा, गरज नसली तरी काढायचा. मग बसून पळ्या काढायचा. मफलर कसा उडेल, खांबावरून उतरताना गुडघे कसे वाकतील, पावसाळी रस्त्यावर पाय घसरला तर लाजून इकडेतिकडे कसा बघेल. इतक्या वर्षांचा साचलेला पळ्या नुसता धो धो येत होता. शेजारच्या पोरांनी त्याला आता मीटर म्हणायचं की नाव घ्यायचं, याचा घोळ घातला. अर्धी गाडी मेणकापडाखाली झाकून कोपऱ्यात ढकलली गेली. तिच्यासमोरून जाताना तो दुसरीकडे बघायचा.

काच कारखान्यात जायच्या आधी कंपनीने एक दिवस घरच्यांसाठी ठेवला. अर्ध्या नाही, पूर्ण गाडीत, खऱ्या रस्त्यावर, फिल्म जिथे काढली त्याच रस्त्याने टाकीपर्यंत जाऊन यायचं. बायकोला लॅबमधून सुटता आलं नाही, म्हणून तो ठमीला घेऊन गेला. ताईंनी मुद्दाम सांगितलं की पहिली चक्कर मीटरच्या मुलीची. पाहुणे उभे होते, मोठे साहेब होते. ताई पुढे बसल्या, मागे बापलेक. ठमीने वेणीला नवी रिबीन बांधली होती आणि ती गाडीत चढली तीच हात चोळत, एखाद्याचा नाटकात पहिला प्रवेश असावा तशी.

फाटक सुटलं आणि काचेबाहेर पळ्या धावायला लागला. खांब, उडी. भिंत, भिंतीवरून. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या उन्हात, त्याच्या लहानपणातला माणूस पळत होता. "ठमे, बघ बघ," तो म्हणाला. ती बघतच होती. पुलाच्या अलीकडे त्याने उगाच पिवळ्या शर्टाचा सायकलवाला दिसतो का पाहिलं. तो कसा दिसणार? मग त्याने ठमीकडे पाहिलं.

तिने जांभई दिली.

बाकी कुणाला त्यात काही दिसलं नसतं. पण ज्याने उभं आयुष्य हेच केलं त्याला जांभई म्हणजे पहिला निरोप. मग तिने आवंढा गिळला. मग आणखी एक, लगेच. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब. रिबिनीखालचं कपाळ पिठासारखं पांढरं. मांडीवरची मूठ घट्ट मिटलेली. तो वाकून अगदी हळू म्हणाला, "ठमे, किती?"

ती काचेवरची नजर न काढता म्हणाली, "शून्य."

पुढून ताईंनी आनंदाने मान वळवली. "ऐकलंत? शून्य," त्या गाडी चालवणाऱ्याला म्हणाल्या.

गाडी थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ते त्याच्या तोंडात आले, दातांपर्यंत आले. आणि त्याच वेळी त्याला ती खिडकी आठवली, कडी आठवली, मेणकापड आठवलं. तो म्हणाला नाही. टाकीपर्यंत म्हणाला नाही आणि परत फाटकापर्यंतही म्हणाला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो पोरीने खाल्ला, आणि बापाने शेजारी बसून तो बघितला. गाडी थांबल्यावर मोठ्या साहेबांनी खाली वाकून विचारलं की कसं वाटलं. ठमी म्हणाली, मस्त. टाळ्या झाल्या. तिला एक फुगा मिळाला.

चालत घरी निघाले. कंपनीची भिंत संपेपर्यंत ठमी फुगा धरून ताठ चालली. कोपरा वळल्यावर तिने फुगा त्याच्या हातात दिला, भिंतीला हात टेकला आणि ओकली. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिली. तो एका हाताने तिची वेणी धरून उभा होता आणि दुसऱ्या हातात तो फुगा होता, सोडायचंही त्याला सुचलं नाही.

तोंड पुसून तिने आधी मागे वळून बघितलं. "कुणी बघितलं नाही ना?"

"तू शून्य का सांगितलंस?"

"मी दहा सांगितलं असतं तर तुला परत कोंडलं असतं," ती म्हणाली. थोडं चालून झाल्यावर, त्याला वाईट वाटू नये अशा बेताने तिने विचारलं, "बाबा, पळ्याचे पाय जमिनीला का लागत नाहीत? तो वरच्यावर तरंगतो. मला वाटलं आता पडेल, आता पडेल."

तो रस्त्यातच थांबला. त्याला पळ्या जमिनीवर पळताना दिसला होता, प्रत्येक पाऊल डांबरावर. तिला तरंगताना. एकच काच, एकच रस्ता. फरक होता तो दोघांच्या डोळ्यांच्या उंचीत. ती काच त्याच्या डोळ्यांपुढे, त्याच्या बसण्याच्या पद्धतीला, डावीकडे मान कलती ठेवायच्या त्याच्या सवयीला धरून इतकी वर्षं घासत घासत बसवली होती. सगळ्यात वाईट प्रवासी म्हणून त्याला बसवला, आणि होता होता काच जगातल्या एकाच माणसाच्या मापाची झाली. शिंप्याने सगळ्या गावाचे कपडे एकाच गिऱ्हाइकाच्या अंगावर बेतले होते. मागच्या सीटवर मुलं बसतात, हे त्या अख्ख्या मजल्यात कुणाच्या डोक्यात आलं नाही असं नाही. पण सगळ्यांना वाटलं, मीटरला चालतंय म्हणजे झालं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. ठमीला झोपवून आली तेव्हा ती रागावलेली नव्हती, हे जास्त वाईट. तिने एवढंच विचारलं, "तुला तिथेच कळलं होतं?" तो हो म्हणाला. "आणि तू बसून राहिलास." ती उठली आणि दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणांकडे जरा वेळ बघत उभी राहिली. नंतर म्हणाली, "आता सांगायला गेलास तर ते तुला परत त्या डबड्यात घालतील." तो म्हणाला, माहीत आहे. "नाही गेलास तर?"

कामाचा दिवस उजाडला तसा तो गेला. खिडकीची कडी काढली नाही, थेट ताईंच्या खोलीत. आपण हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला निघालोय, हे त्याला ठाऊक होतं. त्याने सगळं सांगितलं, जांभईपासून तरंगणाऱ्या पायांपर्यंत. शून्य हा आकडा खोटा होता, आणि तो खोटा आहे हे मला गाडीतच ठाऊक होतं, हेही सांगितलं.

ताईंनी समोरची फाइल मिटली. मग उठून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "कारखान्यातून परत बोलावण्यापेक्षा आता कळलेलं बरं." त्याला एकदम मोकळं वाटलं. वाटलं, उगाच घाबरलो, माणूस चांगलाच आहे. ताई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या, पुढे वाकल्या, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तिला किती वेळात होतं रे?"

तोच आवाज. तेच बघणं.

ताई म्हणत होत्या की शनिवारी शाळेला सुट्टी असते ना, तासाभराचंच काम, तिच्यासाठी खाऊ ठेवू, चित्रांची पुस्तकं ठेवू, तू स्वतः बाहेर उभा राहा हवं तर. पाळणेवालाही काळजी घेईल. काही आठवडे फक्त. हुशार आहे पोरगी, तिच्याशिवाय आपल्याला हे कळलंच नसतं. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच ठमीचं कौतुक वाटत होतं.

"नाही," तो म्हणाला.

ताईंना त्याच्या तोंडून या शब्दाची सवय नव्हती. त्यांनी समजावलं की लहान मुलाच्या उंचीचं कुणीतरी लागणारच. नाहीतर दुसऱ्या कुणाचं मूल बघावं लागेल, आणि ते कशाला?

"कुणाचंच नको. सीट काढून टाका," तो म्हणाला. "मी खाली बसतो."

मेणकापड निघालं. पाळणेवाल्याने मागच्या सीटचे बोल्ट सोडले, तळाला एक सतरंजी टाकली. मीटर मांडी घालून बसला. बसवेना, गुडघे दाराला लागत होते, मान आत ओढून घ्यावी लागत होती. दाराच्या चौकटीवर ठमीची शेवटची पेन्सिलीची खूण कुठे आली होती ते आठवून आणि ती गाडीत कशी टेकून बसली होती ते आठवून तो तेवढा खाली सरकला. पाळणेवाल्याने बाहेरून दार लावलं. खटका पडला. इथून तो आवाज कानाच्या अगदी जवळ येत होता. वरच्या फटीतून त्याचं टेबल दिसत होतं, आणि मागून आलेल्या पोरांपैकी एकजण तिथे टेकून खिडकी बंद करत होता, वारा फार येतो म्हणून.

फिल्म सुरू झाली. या उंचीवरून रस्ता दिसतच नव्हता. खाली दाराचं प्लॅस्टिक, वर आकाश, आणि मधल्या पट्टीत पळ्या, हवेत पाय मारणारा, कशालाही न टेकणारा. डोंगरांची ती शांत रेघ दाराच्या आड गेली होती. पहिलं वळण आलं. पोट तळापासून उचललं गेलं.

"किती?" पाळणेवाल्याने विचारलं.

"पाच."

पिवळा शर्ट आला असावा, कारण शिडीचं नुसतं टोक काचेच्या कडेने सरकलं.

"किती?"

"आठ." आणि मग पुढचं विचारायच्या आतच त्याने काचेवर टकटक केली, पाळणेवाला धावत आला, दार उघडलं, बादली पुढे केली. पूल अजून यायचाच होता.

तो बादलीवर वाकून पडून राहिला. पाळणेवाला पाठीवर हात फिरवत म्हणाला की बस झालं, आकडा मिळाला, ये बाहेर. पण मीटरच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. पूल. मग चढ. मग टाकी. मग तिथून वळून परत सगळं, फाटकापर्यंत. ठमीची मांडीवर मिटलेली ती मूठ, आणि शून्य. आणि मग खाली उतरून, मस्त.

त्याने तोंड पुसलं, मान आत ओढली आणि परत मांडी घातली.

"दार लाव," तो म्हणाला.